ऐकण्याची मागणी आणि ऐकण्याचा अधिकार

संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम उघडे असतात, कळफलक मात्र एकच असतो. त्यामुळे दाबलेली प्रत्येक कळ कोणाच्या हाती पडावी, हा प्रश्न विंडो-प्रणालीला, म्हणजेच पडदा, कळफलक आणि माउस या सामाईक साधनांची वाटणी करणाऱ्या व्यवस्थेला, क्षणोक्षणी सोडवावा लागतो. वरवर पाहता हा केवळ तांत्रिक तपशील वाटतो. परंतु वाटणीचा निर्णय ऐकणाऱ्याने घ्यायचा की वाटणाऱ्याने, हा त्यातील मूळ प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरावर संगणक वापरणाऱ्याची खाजगी बाब खाजगी राहते की नाही, हे अवलंबून असते.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिमचे काम सुरू केले आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली, जी आजही वापरात आहे. या रचनेत पडदा व कळफलक सांभाळणाऱ्या भागाला सर्व्हर आणि त्याच्याकडून सेवा घेणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला क्लायंट म्हणतात. हे दोघे जाळ्याने जोडलेल्या वेगवेगळ्या यंत्रांवर असू शकतात. कळ दाबली की सर्व्हर ३२ बाइटांचा एक संदेश तयार करतो, त्याला इव्हेंट म्हणतात. असा प्रत्येक इव्हेंट प्रत्येक क्लायंटकडे पाठवला, तर जाळ्यावर विनाकारण भार पडेल आणि ज्यांना त्या संदेशाशी काही कर्तव्य नाही अशा प्रोग्रॅमनाही जागे व्हावे लागेल; म्हणून ज्याला जे हवे असेल ते त्याने आधी मागावे, असा नियम ठरला.

ही मागणी नोंदवण्याचे साधन म्हणजे इव्हेंट मास्क. हा ३२ बिटांचा अंक असून त्यातील एकेक बिट एकेका प्रकारच्या इव्हेंटसाठी राखलेला असतो : पहिला कळ दाबल्याचा, दुसरा कळ सोडल्याचा. मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमला बहुधा पहिला पुरतो. परंतु पडद्यावरच्या वाद्याला सूर कधी थांबवायचा हे कळण्यासाठी दुसराही लागतो, म्हणून ते दोन्ही बिट लावते आणि मास्कचे मूल्य ३ होते. काहीच न मागणाऱ्या विंडोकडे कळीचा इव्हेंट पोचत नाही. तो तिला सामावून घेणाऱ्या वरच्या विंडोकडे जातो आणि कोणीतरी तो मागितलेला सापडेपर्यंत, अथवा तो वर जाण्यास मनाई केलेली आढळेपर्यंत, असाच चढत राहतो. मागितल्याशिवाय काही मिळत नाही, या शिस्तीत एक सौंदर्य आहे, कारण तिच्यामुळे प्रत्येक प्रोग्रॅमला आपली गरज आधी स्वतःशी स्पष्ट करावी लागते.

मराठी लिहिणाऱ्याला या शिस्तीचा प्रत्यय वेगळ्या मार्गाने येतो. इनस्क्रिप्ट पद्धतीत एका कळीमागे देवनागरीचे एक चिन्ह ठरलेले असल्यामुळे कळीचा अर्थ सरळ लागतो. रोमन अक्षरे टंकून त्यांचे देवनागरी करून घेताना मात्र मधे इनपुट मेथड नावाचा दुभाष्या असावा लागतो. हा दुभाष्या स्वतःला कोणते इव्हेंट हवेत ते सांगतो आणि प्रोग्रॅमने ते आपल्या मास्कमध्ये मिळवून, आलेली कळ आधी त्याच्या हवाली करणे अपेक्षित असते. म्हणजे मागणी नेहमी स्वतःपुरती नसते. ती कधीकधी दुसऱ्याच्या वतीनेही करावी लागते, आणि इंग्रजीपुरताच विचार करून लिहिलेला प्रोग्रॅम नेमके हेच विसरतो.

तथापि या रचनेतील उणीव तिच्या मूळ गृहीतकातच आहे. एकाच विंडोवर अनेक क्लायंट आपापले मास्क लावू शकतात. माउसचे बटण दाबल्याचा इव्हेंट एका विंडोवर एका वेळी एकाच क्लायंटला मागता येतो, पण कळांना तशी मर्यादा नाही. त्यामुळे सर्व्हरशी जोडला गेलेला एखादा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या विंडोवर आपली मागणी नोंदवू शकतो आणि तिथे टंकलेला पासवर्ड मूळ प्रोग्रॅमला न कळवता त्याच्याकडेही पोचतो. एक्सटर्म या प्रोग्रॅममध्ये संपूर्ण कळफलक तात्पुरता स्वतःकडे घेण्याची आणि तसे झाल्याची खूण म्हणून विंडोचे रंग उलटे करण्याची सोय ठेवावी लागली, ती याच भीतीपोटी. तरीही कोणत्या कळा या क्षणी दाबलेल्या आहेत, हे कोणताही क्लायंट इव्हेंट न मागता सर्व्हरला विचारू शकतोच. मास्क काय हवे आहे एवढेच सांगतो. ते मिळण्याचा हक्क आहे काय, हे तो कोणालाच विचारत नाही.

क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँडने हा क्रम उलटा केला. तिथे कळांसाठी मास्कच नाही; ज्या विंडोकडे फोकस, म्हणजे वापरकर्त्याचे चालू लक्ष, आहे तिच्याच प्रोग्रॅमला कळ दाबल्याचे व सोडल्याचे सर्व संदेश मिळतात आणि इतरांना काहीच मिळत नाही. निवड ऐकणाऱ्याकडून वाटणाऱ्याकडे गेली. याची किंमतही आहे : विंडो समोर नसतानाही चालणारे शॉर्टकट किंवा अपंग व्यक्तींना साहाय्य करणारे प्रोग्रॅम यांना आता परवानगीचे वेगळे मार्ग शोधावे लागतात, आणि ते मार्ग अपुरे असतील तर सुरक्षिततेचे ओझे नेमके दुर्बलांवर पडते.

काटकसरीसाठी योजलेली निवड संरक्षणाचे काम करू शकत नाही, कारण काटकसरीत मागणारा प्रामाणिक आहे असे धरलेले असते, तर संरक्षणाची गरज तो तसा नसेल या शक्यतेतूनच उद्भवते. म्हणून चांगल्या विंडो-प्रणालीत मागणी आणि अनुमती या दोन्हींना स्वतंत्र जागा हवी : काय हवे ते प्रोग्रॅमने सांगावे, पण द्यावे की नाही हे ठरवण्याचा शेवटचा अधिकार, ज्याची बोटे कळफलकावर आहेत त्या माणसाकडेच राहावा.