आगगाडी आणि पाण्याचा तांब्या

जूनमध्ये कंधारच्या एसटी स्टँडवर हमखास दिसणारं दृश्य : पत्र्याची पेटी, सुतळीनं बांधलेली गादी, दहावी झालेलं पोरगं आणि त्याला लातूरच्या गाडीत बसवायला आलेलं सगळं घर. पोराला जो तो विचारतो, ‘पुढं काय?’ डब्याची पिशवी धरून उभ्या असलेल्या आईला ते कुणी विचारत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी वाचतो ती या बाईच्या बाजूनं.

त्यांचे पती नारायण वामन टिळक यांच्या धर्मांतराची गोष्ट सगळे आगगाडीपासून सांगतात. 1893 साल. तिशी ओलांडलेले, कवी, विद्वान, पण एका नोकरीत की एका गावात पाय न ठरणारे टिळक नागपूरहून राजनांदगावला निघालेले. डब्यातला एक गोरा प्रवासी त्यांच्या हाती नवा करार ठेवतो आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगतो. त्याचं नाव टिळकांना पुढं कधीच कळलं नाही. सहज म्हणून उघडलेलं पुस्तक गिरिप्रवचनाशी आलं आणि खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला.

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं टिळक म्हणत. त्यांच्या कवितेत हा पूल खरोखर दिसतो. पण घराच्या बाजूचं काय? पलीकडे गेले ते एकटेच. लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या, ती काही थोडीथोडकी वर्षं नव्हेत. टिळकांच्या श्रद्धेवर मला शंका नाही. पण ‘देवानं वाट दाखवली’ हे वाक्य ज्याला वाट दिसली त्याच्याच तोंडी शोभतं.

धर्मांतराच्या वाटेवरून घरी परतायचं म्हटलं तरी वाट सरळ नसतेच. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांच्यामागे गेलेला धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टानं बापाच्या ताब्यात दिलं, तर जातीनं दार लावून घेतलं! प्रायश्चित्त देऊन पोराला घरात घ्या, म्हणून बाळशास्त्री जांभेकरांना उभं राहावं लागलं. नारायणराव पुढं आपल्या मराठवाड्यात आले. जालन्याजवळचं बेथेल हे गाव त्यांनीच वसवलं.

लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या त्या आपली चूल आणि आपलं पाणी सांभाळून. टिळकांशी संसार पुन्हा मांडला, पण तांब्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. मग केव्हातरी त्यांच्या मनानं घेतलं : देवानं माणूस केला, जाती माणसानं केल्या. कुणाही हातचं खायचं-प्यायचं, हे आधी ठरलं, ख्रिस्त त्यानंतर. बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. टिळकांना पुस्तकानं खेचलं, यांना आधी घोटभर पाणी ओलांडावं लागलं. मला तर हाच प्रवास अधिक लांबचा वाटतो, रेल्वेचं तिकीट त्याला लागलं नाही तरी.

टिळक मात्र स्वस्थ बसणारे नव्हेतच. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि पंचावन्नाव्या वर्षी ‘देवाचा दरबार’ मांडला. दोनच वर्षांत, 9 मे 1919 रोजी, ते गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं होतं. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि राहिलेले अध्याय लिहून काढले.