बर्फाच्या मुलखातली रीत आणि आपला खारा वारा

चि. बाळ,



आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन तू श्रीवर्धनच्या बाजूला घरांवर सोलर बसवायचं काम हाती घेणार आहेस, हे वाचून आनंद झाला. तुझी अडचणही रास्त आहे. शिकायला मिळणारे बरेचसे व्हिडिओ नॉर्वे-कॅनडासारख्या थंड मुलखातले. पॅनेल उभं लावा म्हणजे बर्फ घसरून पडेल, बॅटरी उबेत ठेवा, असं त्यात सांगतात. आपल्याकडे बर्फ नाही. मग यातलं घ्यायचं काय आणि टाकायचं काय, असं तू विचारतोस.

त्यांची मापं टाक, त्यांची रीत घे. ती माणसं वर्षातला सगळ्यात वाईट दिवस आधी डोळ्यांपुढे आणतात आणि मगच शिडी लावतात. त्यांचा तो दिवस जानेवारीत येतो, आपला जूनमध्ये.

आधी ऊन बघ. ऑस्लो 60 अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम सहा-सात अंश वर असतो, म्हणून पॅनेल तीव्र कोनात लावावं लागतं. अलिबाग साडेअठरा अंशांच्या आसपास. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेलाच कलतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड आणि दहा ते अठरा अंशांचा उतार आपल्याला पुरतो. दहाच्या खाली जाऊ नकोस. खालच्या कडेला पाणी आणि गाळ साचतो. अठराहून जास्त उभं करशील तर किनाऱ्यावर ते पॅनेल राहत नाही, शीड होतं.

थंडी पॅनेलला मानवते. त्याची क्षमता 25 अंशांना मोजलेली असते आणि पुढच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी होते. मे महिन्यात पॅनेल 60 अंशांवर तापलं की दहा टक्क्यांहून जास्त घट आलीच. म्हणून ते पत्र्याला चिकटवू नकोस, खालून वारा खेळू दे. थंड मुलखात याच्या उलट होतं. कडाक्याच्या थंडीत, स्वच्छ उन्हात व्होल्टेज चढतं. एका ओळीत पॅनेल जास्त जोडली तर इन्व्हर्टर जातो. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, म्हणून ते तिला ऊब देतात. आपण तिला उष्म्यापासून जपायचं: घरातली हवेशीर, सावलीची जागा, आणि पुराचं पाणी पोचणार नाही इतकी उंची.

आता वारा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने वारा सुटला. माड-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. प्रत्येक सांगाडा उभारताना तो दिवस मनात ठेव. वारा पॅनेलला खालून उचलतो आणि छताच्या कडांवर, कोपऱ्यांवर त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. तिथे जागा मोकळी सोड. सांगाडा स्लॅबला किंवा लोखंडी कैच्यांना नीट जखडलेला हवा. नुसत्या सिमेंटच्या पत्र्यावर भार टाकू नकोस. कौलारू घरात कौलाला भोक पाडायचं नाही, वाशाला पकड घ्यायची. वासे जुने असतील तर अंगणात वेगळा सांगाडा सुचवायचा.

आणि एक गोष्ट प्रत्येक घरमालकाला करार होण्याआधी सांग. साधी ग्रिडला जोडलेली यंत्रणा महावितरणची लाइट गेली की आपोआप बंद होते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. म्हणजे वादळानंतर लख्ख ऊन पडलं, तरी छतावर पॅनेल असलेलं घर अंधारात राहील. आपल्या किनाऱ्यावर ज्याला परवडेल त्याला लाइट गेल्यावरही बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि निदान दिवे, एखादा पंखा, मोबाइल, औषधांचा फ्रिज चालेल एवढी बॅटरी घ्यायला सांग. आपल्या रायगड जिल्ह्यातल्याच घारापुरी बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोचली ती 2018 साली. बाहेरून येणाऱ्या तारेची वाट बघणं म्हणजे काय, हे रायगडला नव्याने सांगायला नको.

खारा वारा वादळासारखा गाजत येत नाही, पण नुकसान तोही करतो, रोज थोडं थोडं. खारी हवा सोसण्याच्या चाचणीत, म्हणजे आयईसी 61701 मध्ये, उतरलेलीच पॅनेल माग. लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं हवं. नुसता चांदीचा रंग मारलेलं दोन पावसाळ्यांत गंजू लागतं. नटबोल्ट स्टेनलेसचे, घर समुद्राला लागून असेल तिथे 316 प्रतीचे. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना थेट भिडू देऊ नकोस, मध्ये रबरी किंवा प्लास्टिकची चकती घाल.

सावली मोजायला सकाळी जा आणि दुपारी पुन्हा जा. माडाच्या एका झावळीची सावली पॅनेलच्या थोड्या भागावर पडली तरी साऱ्या ओळीची वीज घटू शकते. म्हणून माड तोडायला मात्र सांगू नकोस. पॅनेलची जागा बदलता येते.

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. दोन किलोवॅटला 60 हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान मिळतं. त्यामुळे कामं भरपूर मिळतील आणि स्वस्तात उरकायचा मोहही होईल. अनुदान किलोवॅटवर मिळतं, बोल्टच्या प्रतीवर नाही. ती प्रत सांभाळणारा तूच. पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी साधारण 25 वर्षांची असते. सांगाडा पाच वर्षांत गंजला तर त्या हमीचा घरच्यांना काही उपयोग नाही.

ज्या घरी काम करशील तिथे मेअखेरीस आणि पाऊस सरल्यावर एकेक फेरी मार. बोल्ट आवळ, अर्थिंग तपास, काचेवरचा खार गोड्या पाण्याने, ऊन चढायच्या आत धुऊन दाखव. घरातल्या मुलीसुनांनाही शिकव, कारण पुरुषमाणसं पुष्कळदा मुंबईला असतात. ही फेरी पहिल्या दिवशीच्या दरात धरून सांग, म्हणजे ती तुला परवडेल आणि तू ती टाळणार नाहीस. उंचावर जाशील तेव्हा कमरेचा दोर विसरू नकोस.

तुझ्या हातून उत्तम कामं होवोत.

तुझा,
एक वडीलधारा स्नेही