पेशीला घाई नसते

अकोला

चि. मुक्तास,

अमरावतीच्या होस्टेलातही तू पहाटेच उठत असशील, हे मी धरूनच चालतो. आपल्या पऱ्हाटीचं फूलही सकाळीच उमलतं, म्हणून संकरित बियाणं करणाऱ्या बाया आदल्या संध्याकाळी कळीतले पुंकेसर अलगद काढून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच परागकण लावतात.

बोंडातला एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, जवळजवळ इंचभर लांब वाढलेली. आहे की नाही नवल! आपल्या कृषी विद्यापीठाच्या एकेए-७ सारख्या देशी कपाशीच्या पेशीत गुणसूत्रं २६, तर अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२. दोघींचा सरळ संकर केला, तर ३९ गुणसूत्रांचं रोप येतं, पण त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि ते वांझ राहतं.

तुझ्या पेशीत ही गुणसूत्रं ४६. त्यांतला सगळा डीएनए उलगडून सलग मांडला तर सुमारे २ मीटर भरेल, आणि तो राहतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात. आजीचा दोरा रिळावर असतो ना, तसा तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. आठ-आठ हिस्टोनांचा एक गठ्ठा आणि त्याभोवती जेमतेम पावणेदोन वेढे. पेशीची काटकसरही बघ, पोरी. डोळ्याच्या पेशीत काय नि त्वचेच्या पेशीत काय, मजकूर सगळा तोच. पण जिला जेवढा लागतो तेवढाच भाग ती सैल करून वाचते, बाकीचा घट्ट मिटून जपते.

आणि तिचा धीर! दोन होण्याआधी पेशी सगळ्या डीएनएची नक्कल करते, गुणसूत्रं आखडून घेते. मग दोन्ही टोकांकडून आलेले तंतू प्रत्येक गुणसूत्राला धरतात आणि मधोमध ओळीनं लावतात. एखादं जरी मोकळं राहिलं, तरी निरोगी पेशी सगळ्यांना थांबवून धरते. ही तपासणी चुकली, तर एका लेकीच्या वाट्याला एक गुणसूत्र जास्त जातं, दुसरीच्या वाट्याला कमी.

तू गुणाची आहेस, कष्टाळू आहेस, त्याची मला चिंता नाही. काळजी वाटते ती एवढीच, की सोबतच्या मुली पुढे गेल्या म्हणून तू एखादा धडा अर्धवट सोडून पुढे पळशील. तसं करू नको, बाई. एक गोष्ट पुरती हाती लागू दे, मग दुसरीकडे वळ.

तुझा,
आबा