थांबू या का?

आमच्या ओळखीच्या एका घरी लेकीच्या पहिल्या वाढदिवसानंतर वाद पेटला. एमएमआरची लस द्यायची की नाही? बाबा म्हणे द्यायची, आई म्हणे थांबू. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा १२ मुलांवरचा लेख आला आणि ऑटिझमची भीती पसरली. २०१० साली 'लॅन्सेट'ने लेख मागे घेतला. भीती कोण मागे घेणार? (गेलेली ईमेल परत येत नाही, हे आम्हा संगणकवाल्यांना ठाऊक आहेच!)

आई चुकते असे मला वाटते, पण तिला मूर्ख म्हणवत नाही. सुईने काही झाले तर दोष आपल्या हाताला, गोवर आला तर दैवाला. म्हणून काही न करणे निर्दोष भासते. पण थांबणे हाही निर्णयच, आणि तो आपल्या लेकीपुरता राहत नाही. ही लस अगदी तान्हेपणी सहसा देत नाहीत. पाळणाघरातले तान्हे बाळ मोठ्या मुलांच्या लशीच्या भरवशावर असते. त्याच्या आईला कोणी विचारले?

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. आम्हाला लस टोचताना तिने कधी वाद घातला नाही.

शेवटी दोघे डॉक्टरांकडे गेले. टोचताना लेक आईच्याच मांडीवर होती. दुसरा डोस पुढे आहेच. तेव्हा पुन्हा भांडू, म्हणतात.