मर्यादा आधी, बचत नंतर

घरातला कार्बन कमी करायला कमी वीज खाणारी यंत्रे आणा, एवढा सल्ला पुरत नाही. कोळसा काटकसरीने जाळणारी इंजिने आली की कोळशाचा एकूण खप वाढतो, असे अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्सने १८६५ मध्येच मांडले होते; फाइव्ह-स्टार एसीही मग निर्धास्तपणे रात्रभर चालतो. म्हणून जैन गृहस्थाचे परिग्रह-परिमाण व्रत मला अधिक नेमके वाटते: किती बाळगायचे याची मर्यादा मोह होण्याआधीच, आपली आपण आखायची. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र कोळसा जाळत असताना एका घराच्या व्रताने काय होणार, हा आक्षेप खरा, पण अर्धाच. तिथली वीज शेवटी घरांतही येते. ज्या घरात मुळात एकच पंखा आहे, त्याच्याकडून मात्र अशा मर्यादेची अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल.