सोबतीचा शनिवार



कार्यालयात कुणी गेलं की पुढे काय काय होतं, हे नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. फळ्यावर निधनाची वार्ता लिहिली जाते. दुपारी सगळे सभागृहात दोन मिनिटं उभे राहतात, साहेब चार शब्द बोलतात, वर्गणी निघते, काहीजण घरी जाऊन भेटून येतात. यातलं काहीच खोटं नसतं. पण महिन्या-दोन महिन्यांत त्या टेबलावर नवा माणूस बसतो आणि गेलेल्याचं नाव पेन्शनच्या फाईलपुरतं उरतं. आमच्या कार्यालयात मात्र आवक-जावकच्या ताईंच्या बाबतीत तसं झालं नाही. ते का आणि कसं, हे आज सांगावंसं वाटतं.

ताईंना सगळे ताईच म्हणायचे, साहेबसुद्धा. सकाळी आलेलं टपाल जेवणाच्या सुट्टीआधी त्या त्या टेबलावर पोचलेलं असायचं. त्यांच्याकडे लाल शाईचं एक वेगळं पेन असे. आठवडा उलटून गेला आणि पत्राला उत्तर गेलं नाही, की रजिस्टरमध्ये त्या नोंदीखाली लाल रेघ पडायची. मग ताई उठून त्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. कारकून मान वर करून म्हणायचा, "करतो ताई, आजच करतो." आणि तो खरंच करायचा.

ताईंना जानेवारीत छातीत गाठ लागली. दुखत नव्हती. मुलीची बारावी तोंडावर आली होती, म्हणून ती होऊ दे म्हणाल्या. मग मार्च एंड आला. मग सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दिवाळीच्या सुमारास काखेतही गाठ हाताला लागली, तेव्हा त्या डॉक्टरांकडे गेल्या. केमो झाली, ऑपरेशन झालं. मधल्या काळात डोक्याला रुमाल बांधून त्या कामावरही येत होत्या. पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

याला हयगय म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आपल्या घरांमध्ये बाईचं दुखणं सगळ्यात शेवटी येतं, आणि जे दुखतच नाही ते तर येतच नाही. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, हीच यातली घात करणारी गोष्ट आहे. पोट दुखलं, दात दुखला की माणूस दवाखाना गाठतो. न दुखणारी गाठ अंगावर काढली जाते. सरकारी नोकरीतल्या, शिकलेल्या, दुसऱ्यांची कामं वेळेत व्हावीत म्हणून झटणाऱ्या बाईकडूनही ती काढली जाते. मग शेतावर किंवा बांधकामावर रोजानं जाणारीचं काय होत असेल? तिचा तर दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेला रोज.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार जणींना हा आजार झाल्याचं निदान झालं आणि सुमारे ९८ हजार जणी त्यानं दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे. आणि लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असलेला आजारही हाच. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की जीव कासावीस होतो. औषध आहे, शल्यचिकित्सा आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचारांची सोयही आहे. पण बाई तिथवर पोचते तेव्हा अनेकदा फार उशीर झालेला असतो.

गेलेल्या माणसाच्या नावानं काम उभं करण्याची रीत आपल्याला नवी नाही. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. सर दोराबजींनी पुढच्याच वर्षी, स्वतः जाण्यापूर्वी, पत्नीच्या नावानं त्या आजारावरच्या संशोधनासाठी निधी ठेवला. त्यांच्या विश्वस्त संस्थेनं उभारलेलं परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. महाराष्ट्रातल्या गावोगावची माणसं ज्या इमारतीला नुसतं 'टाटा' म्हणतात, तिच्यामागे एका घरातलं असं दुःख आहे. अमेरिकेत सुझन कोमेन १९८० साली छत्तिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगानं वारल्या. बहिणीला दिलेला शब्द पाळायचा म्हणून नॅन्सी ब्रिंकर यांनी १९८२ मध्ये तिच्या नावानं संस्था काढली. या आजाराविषयीच्या जागृतीची खूण असलेली गुलाबी फित जगभर पोचवण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. आता ऑक्टोबर आला की आपल्याकडेही ही फित दिसते, आणि ती दिसावीच. जो शब्द घराघरांत कुजबुजत बोलला जायचा, तो त्यामुळे मोठ्यानं बोलला जाऊ लागला.

पण आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या साध्या कार्यालयानं काय करावं? मला याचं उत्तर मुंबईत झालेल्या एका अभ्यासात सापडलं. टाटा रुग्णालयानं १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक मोठं काम हाती घेतलं. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी बायकांची स्तनतपासणी झाली, आणि ती केली प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी. हातात यंत्र नव्हतं, तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. तपासत होती ती शिकवून तयार केलेली बोटं. वीसहून अधिक वर्षांनी, २०२१ साली, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या वस्त्यांत आजार आधीच्या टप्प्यावर सापडला होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरी केवढी मोठी गोष्ट आहे ही! यंत्रं कमी असलेल्या आपल्या देशात शिकवलेला हात बाईचा जीव वाचवू शकतो, हे आपल्याच शहरातल्या वस्त्यांनी जगाला दाखवून दिलं.

आज सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांपुढच्या प्रत्येक स्त्रीसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी ठरवून दिलेली आहे. आशाताई घरोघर सांगत फिरतात. उणीव असते ती सोबतीची, आणि ती आमच्यासारख्यांना भरून काढता येते.

शनिवार-रविवार आम्हाला सुट्टी असते. त्यातला महिन्याचा एक शनिवार ताईंच्या नावानं या तपासणीला द्यायचा, असं ठरलं. आम्ही तपासत नाही, ते काम आरोग्य केंद्रातल्या सिस्टर करतात. आम्ही समाजमंदिराच्या खोलीला पडदे लावतो, लहान मुलं सांभाळतो, म्हाताऱ्यांना हात देतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. "सिव्हिलला जाऊन दाखवा" असं जिला सांगितलं जातं, ती गर्दीत हरवू नये म्हणून एक वही आहे. ती सिस्टरांकडेच असते. त्यातलं नाव चहाच्या टेबलावर कधीही निघत नाही, आणि फोन फक्त आमच्यातल्या दोघीच करतात. त्या बाईची सोनोग्राफी, मॅमोग्राफी किंवा सुईची तपासणी होऊन निदान हाती येईपर्यंत तिची नोंद उघडीच राहते. आठवडा उलटला की नावाखाली लाल रेघ पडते. मग आमच्यापैकी एकीनं तिच्या दारात जाऊन उभं राहायचं.

आमचे एक चालक आहेत. स्तनाच्या कर्करोगाचं नाव काढलं तरी खाली बघणारे हे गृहस्थ. त्यांनी आपणहून सांगितलं, "गाडी माझी." आज सिव्हिलमधली प्रत्येक खिडकी त्यांना पाठ आहे. केसपेपर कुठे निघतो, सर्जनची ओपीडी कोणत्या वारी, सोनोग्राफीला नंबर लावायचा तर किती वाजता यायचं, कोणत्या झेरॉक्स घ्यायच्या, सगळं. गावाकडून आलेल्या बाईला डॉक्टरांपेक्षाही त्या इमारतीची धास्ती जास्त असते. चालकदादा पुढे चालले की ती धास्ती निम्मी होते. बाहेर थांबलेल्या नवऱ्याशी बोलायचं कामही तेच करतात. हा आजार क्वचित पुरुषालाही होतो, शंभरात एखादा, हेही ते आता न लाजता सांगतात.

भाजी विकणारी एक बाई आठवते. तपासणी झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "उजवीकडे गाठ लागतेय, दाखवून घ्यायला हवी." बाई म्हणाली, "दुखत नाही की. दुखलं तर जाईन." सिस्टरांनी तिचाच हात धरून तिच्याच बोटांनी ती गाठ तिला दाखवली. बाई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "गुरुवारी बाजार असतो, शुक्रवारी चालेल?" शुक्रवारी आमच्यातल्या एकीनं अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि तिच्याबरोबर गेली. गाठ साधी निघाली. बहुतेक गाठी साध्याच असतात. तोवर अगदी खंबीर असलेली ती बाई हे ऐकल्यावर बाकावर बसून रडली. दुसऱ्या एकीची मात्र साधी नव्हती. तिचे उपचार आता चालू आहेत. गाठ काखेत पोचण्याआधी ती डॉक्टरांसमोर होती. ताईंच्या वेळी नेमकं हेच व्हायला हवं होतं, असं त्या दिवशी आम्हा सगळ्यांच्याच मनात आलं.

तुमच्याही कार्यालयात, शाळेत, बँकेत, कारखान्यात अशी एखादी रिकामी झालेली खुर्ची असेल. तुम्हाला असं काही सुरू करायचं असेल, तर आधी जवळच्या आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. तपासणीचा वार विचारा, आणि पुढच्या तपासण्या कुठे होतात तेही विचारून घ्या. तपासणीसाठी माणसं गोळा करण्याआधी सोबत जायला तयार असलेल्यांची नावं लिहून काढा. पाच पुरेत. साहेबांशी बोलून ठेवा. अशा कामासाठी मागितलेली अर्धा दिवस रजा नाकारणारा अधिकारी मी अजून पाहिला नाही.

आणि आज हे ऐकणाऱ्या प्रत्येक बहिणीला सांगते. स्तनात किंवा काखेत गाठ लागली, कातडीला खळगा पडला, ती संत्र्याच्या सालीसारखी जाड झाली, बोंड आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त वा पाणी आलं, तर दुखण्याची वाट बघू नका. मुलांची परीक्षा असो की घरातलं कार्य असो, याच आठवड्यात दाखवा. एकटीला जायचं धाडस होत नसेल, तर शेजारणीला सांगा, आशाताईंना सांगा, कार्यालयातल्या मैत्रिणीला सांगा. त्या येतील.