जामीन कोण राहणार?

परक्या देशात बिऱ्हाड मांडणे म्हणजे केवळ सामान हलवणे नव्हे. आपल्या धर्मग्रामातील किती तरी घरांतील मुले-मुली आज आखाती देशांत, कॅनडात, युरोपात आहेत. काही थेट जपानला पोचली आहेत. त्यांचे फोन येतात तेव्हा आपण विचारतो, पगार किती, जेवण काय, थंडी कशी. एक प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. नव्याने आलेल्या माणसाचे त्या गावाप्रती कर्तव्य काय, आणि त्या गावाचे त्याच्याप्रती कर्तव्य काय? हा प्रश्न नैतिक आहे, आणि आपल्या श्रद्धेचाही आहे. जपानच्या उदाहरणाने तो नीट समजतो. तिथे बहुतेक गोष्टींना नियम आहे, आणि जिथे लेखी नियम नाही तिथे रीत आहे. शिवाय वसईचा एक सुपुत्र सव्वाचारशे वर्षांपूर्वी याच देशात परका म्हणून राहिला, आणि आज त्याची प्रतिमा आपल्या वेदीवर आहे.

आधी नियम पाहू. दीर्घ मुदतीच्या परवान्यावर जपानला गेलेल्या परदेशी माणसाला निवासी ओळखपत्र मिळते. २०१२ सालापासून ही पद्धत आहे. राहण्याची जागा ठरली की १४ दिवसांच्या आत तेथील नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. पुढे एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचे झाले तर निघण्यापूर्वी जुन्या कचेरीत 'मी जातो' अशी नोंद करायची, आणि नव्या जागी पोचल्यावर पुन्हा १४ दिवसांत 'मी आलो' अशी नोंद करायची. ओळखपत्राच्या मागील बाजूस नवा पत्ता लिहून मिळतो. हयगय केली तर दंड होऊ शकतो, आणि फारच दिवस लोटले तर राहण्याचा परवानाही धोक्यात येतो. आपल्याला हा जाच वाटेल. पण 'मी जातो' आणि 'मी आलो' असे सांगून ये-जा करणे ही आपल्याही घरातली शिस्त आहे. सांगितल्यावाचून निघून जाणारा माणूस कुठल्याच गावाचा नसतो.

नियमांनंतर रीत येते. जपानमध्ये नवे घर घेतले की शेजाऱ्यांकडे जाऊन नमस्कार करण्याची जुनी प्रथा आहे. समोरची तीन घरे आणि डावी-उजवीकडची दोन, एवढी तरी गाठायची. पूर्वी या वेळी सोबा नावाच्या शेवया देत. आता टॉवेल, साबण किंवा मिठाईचा लहानसा डबा देतात. मोठ्या शहरांत ही प्रथा विरळ होत चालली आहे, पण विसरलेली नाही. भेट अगदी किरकोळ असते. तिचा अर्थ एवढाच की आमच्या पोरांचा आवाज, आमच्या फोडणीचा वास आता तुमच्यापर्यंत येणार आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

मग कचऱ्याची गोष्ट. जळणारा कचरा एका दिवशी, न जळणारा दुसऱ्या दिवशी, बाटल्या, डबे, कागद आणखी निराळ्या दिवशी. प्लॅस्टिकची बाटली धुवायची, तिचे झाकण आणि वरचा कागद काढायचा, मग ती ठेवायची. जुने कपाट किंवा गादी टाकायची असेल तर आधी वेळ घ्यायची, पैसे भरायचे आणि त्यावर चिठ्ठी डकवायची. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडीवाले उचलत नाहीत. ती तिथेच राहते, कावळे ती फोडतात, आणि जागा साफ करण्याची ज्या शेजाऱ्याची त्या आठवड्यात पाळी असते तो ती निमूटपणे आवरतो. बहुधा म्हातारा शेजारी. म्हणजे प्रश्न कचऱ्याचा नाही. माझ्या आळसाचे ओझे कुणाच्या पाठीवर पडते, असा तो प्रश्न आहे. शेजाऱ्यावर प्रेम करा ही आज्ञा आपण रविवारी ऐकतो. परक्या गावी तिचे पहिले रूप धुतलेली बाटली हे असू शकते.

इथवर नवख्याचे कर्तव्य झाले. आता गावाकडे वळू.

भाड्याने घर घ्यायचे तर जपानमध्ये अनामत रक्कम द्यावी लागते, दलाली द्यावी लागते, आणि अनेक ठिकाणी 'रेइकिन' नावाची रक्कम द्यावी लागते. रेइकिन म्हणजे घरमालकाला आभारादाखल दिलेले पैसे. ते परत मिळत नाहीत. जे दिल्यावाचून दारच उघडत नाही त्याला आभार म्हणायचे का, हा एक प्रश्नच आहे. पण खरी अडचण पैशांची नसते, जामीनदाराची असते. भाडे थकले, नुकसान झाले तर मी भरीन, असे लिहून देणारा कुणीतरी हवा. काल विमानातून उतरलेल्या मुलाला जपानमध्ये जामीन कोण राहणार? आता शुल्क घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या आहेत. तरीही नकार मिळतोच. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. मागील पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे ३९ टक्क्यांनी सांगितले की केवळ परदेशी म्हणून आपल्याला घर नाकारले गेले. दहांतील चार जण!

घरमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. त्याला भीती असते की भाषा समजणार नाही, कचरा नीट ठेवला जाणार नाही, रात्री गोंगाट होईल, एखाद्या दिवशी भाडेकरू भाडे बुडवून मायदेशी निघून जाईल. ही भीती सगळीच खोटी नाही. असे प्रसंग घडलेले आहेत. म्हातारपणी एका खोलीच्या भाड्यावर जगणाऱ्या माणसाने जपून वागावे यात पाप नाही. ख्रिस्ती नीती माणसाला भोळेपणा शिकवत नाही. अनामत मागा, नियम समजावून सांगा, लेखी करार करा. यात अन्याय नाही.

अन्याय पुढच्या पायरीवर सुरू होतो. समोरच्या माणसाला भेटण्यापूर्वी, त्याचे नाव ऐकूनच 'नको' म्हटले जाते तेव्हा एकाच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला दिली जाते. काळजी माणसाची पारख करते, पूर्वग्रह पारख करायलाच नकार देतो. दोन्हींचे शब्द पुष्कळदा सारखे असतात, म्हणूनच आपण फसतो. जपानीत परदेशी माणसाला 'गाइजिन' असा एक बोलीतला शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'बाहेरचा माणूस'. हा शब्द आपल्याला नवा नाही. आपणही तोच वापरतो.

पूर्वग्रह कुठवर नेऊ शकतो हे संत गोन्सालो गार्सियांच्या चरित्रात दिसते. पोर्तुगीज पिता आणि भारतीय माता यांचा हा वसईत जन्मलेला मुलगा तरुणपणी जेजुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला. तेथील भाषा त्याने आत्मसात केली, पुढे व्यापारही केला. नंतर मनिला येथे तो फ्रान्सिस्कन बंधू झाला, आणि फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानच्या सत्ताधीश हिदेयोशीकडे गेले तेव्हा त्यांचा दुभाषी म्हणून सोबत गेला. परक्या देशाचे जे देणे लागते ते त्याने भाषेच्या रूपाने पुरेपूर फेडले होते. पण १५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले, आणि मिशनरी म्हणजे परकीय आक्रमणाची पहिली तुकडी असा संशय बळावला. या संशयाची शिक्षा ज्यांनी काही केले नव्हते त्यांना मिळाली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवले गेले. त्यांतील सहा जण परदेशी होते. उरलेले वीस जपानी होते! 'बाहेरच्यां'विषयीचा द्वेष बाहेरच्यांपाशी थांबत नाही. तो घरच्यांनाही गिळतो. १८६२ साली या सव्वीस जणांना एकत्रच संतपद देण्यात आले. स्वर्गात त्यांच्या दोन रांगा केलेल्या नाहीत. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी याच टेकडीवर प्रार्थना केली.

गोन्सालो आपल्याला आणखी एक मर्यादा दाखवतात. भाषा, पोशाख, जेवण, रीतिरिवाज यांत किती मिसळावे? जितके जमेल तितके. सदसद्विवेकबुद्धी किती द्यावी? मुळीच नाही. पण या दोहोंमधील रेषा नेहमी सरळ नसते. शेजारी वारला, बौद्ध पद्धतीने अंत्यविधी आहे, सगळे पुढे जाऊन चिमूटभर धूप जाळतात. कॅथलिकाने काय करावे? मृताबद्दल आदर आणि कुटुंबाबद्दल सहानुभूती म्हणून असे करायला हरकत नाही, असेच मार्गदर्शन जपानच्या बिशप मंडळाने आपल्या श्रद्धावंतांना केलेले आहे. आदर देणे म्हणजे श्रद्धा सोडणे नव्हे. मुले परदेशी जाण्यापूर्वी हा फरक त्यांना घरातच समजावून द्यायला हवा.

गावाने मनावर घेतले तर चित्र बदलते, हेही जपानमध्येच दिसते. तेथे 'यूआर' या सार्वजनिक संस्थेच्या इमारतींत ना रेइकिन लागते, ना जामीनदार. उत्पन्नाची आणि परवान्याची अट पुरी केली की परदेशी माणसालाही घर मिळते. टोकियोच्या एदोगावा भागातील निशिकासाई येथे आज भारतीयांची मोठी वस्ती आहे. कचेऱ्यांच्या भागाला जोडणारी थेट रेल्वे आणि अशी घरे, ही तिची दोन मोठी कारणे. याच एदोगावाच्या स्थानिक सभेवर २०१९ साली मूळ महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक निवडून आले. कालचा परका आज त्याच गावाच्या कचऱ्याचा, शाळेचा, पुराचा विचार करू लागला. २०२४ अखेर जपानमध्ये सुमारे ३७ लाख ६९ हजार परदेशी रहिवासी होते. टोकियोतील संत इग्नेशियस चर्चमध्ये जपानीबरोबरच इंग्रजी, स्पॅनिश, पोर्तुगीज, व्हिएतनामी अशा भाषांतही मिस्सा होतात. परक्याला तिथे जामीनदार विचारत नाहीत.

जामीन हा शब्द आपल्या शास्त्रातला आहे. संत पौलाने फिलेमोनला लिहिलेले छोटे पत्र आठवा. पळून गेलेला दास ओनेसिम परत येत आहे, त्याला भावासारखा घरात घे, आणि त्याच्याकडून काही येणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, अशी विनंती पौल करतो. तो नुसता उपदेश करत नाही. तो ओनेसिमसाठी जामीन राहतो. आणि तो असे करू शकतो, कारण आपल्या साऱ्यांच्या कर्जाला प्रभू येशू आधीच जामीन राहिला आहे हे त्याला ठाऊक आहे. ज्याला फुकट घर मिळाले त्याने दुसऱ्याच्या तोंडावर दार लावावे, हे कसे शोभेल?

म्हणून शेवटी प्रश्न आपल्या दाराशी येतो. आपल्या लेकराला टोकियोत खोली नाकारली गेली तर आपण रात्रभर झोपणार नाही. मुंबईत धर्म किंवा खाणे पाहून घर नाकारल्याचे ऐकले की आपल्याला राग येतो, आणि तो यावाच. मग आपल्या वाडीतली खोली भाड्याने द्यायची असते तेव्हा दाराशी आलेल्या माणसाचे गाव, भाषा, आडनाव ऐकून आपण काय उत्तर देतो? इजिप्त देशात परके होता हे विसरू नका, असे परमेश्वर इस्राएलला वारंवार बजावतो. ती आठवण प्रत्येक पिढीला नव्याने करून द्यावी लागते.

येत्या आठवड्यात एक गोष्ट करता येईल. आपल्या आळीत नव्याने राहायला आलेले एक तरी कुटुंब असेलच. त्यांच्याकडे जावे, नाव विचारावे, पाणी कधी येते, दवाखाना कुठे, कचऱ्याची गाडी किती वाजता येते ते सांगावे. बाहेरच्या माणसाला आतला करण्याची सुरुवात एवढ्यानेही होते.

संत गोन्सालो गार्सिया, परदेशी असलेल्या आमच्या मुलांसाठी, आणि आमच्या गावी आलेल्या दुसऱ्यांच्या मुलांसाठी विनंती कर.